घरकुल मिळालं, पण दुपारी आत बसवेना: बीडमधलं घर, ऊन आणि पैशांचं गणित

मे महिन्यातली दुपार. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, एक चित्र हमखास दिसतं. नवंकोरं घरकुल उभं आहे, दारावर योजनेचं नाव रंगवलंय, लाभार्थ्याचं नाव आहे, मंजुरीचं वर्ष आहे. आणि घरातली माणसं? ती समोरच्या लिंबाच्या झाडाखाली बाजेवर बसलीत.

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "आत भट्टी झालीय."

वरवर साधी तक्रार वाटते. उन्हाळा आहे, ऊन लागणारच. पण सध्या महाराष्ट्रात लाखोंच्या संख्येने घरकुलं बांधली जातायत. योजनेच्या हिशोबाने ही घरं किमान ३० वर्षं टिकायला हवीत. म्हणजे आज ओतलेला स्लॅब आणि आज ठोकलेला पत्रा २०५५ च्या उन्हातही डोक्यावर असणार. तोवर ऊन कमी होईल असं कुणीही म्हणत नाहीये.

त्यामुळे प्रश्न असा आहे की आपण गरिबाला पक्कं घर देतोय, पण ते उन्हाळ्यात राहण्यासारखं आहे का? आणि ते तसं करायला खरंच जास्त पैसे लागतात का?

आधी पैशांचा हिशोब

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण, म्हणजे ज्याला गावाकडे सगळे नुसतं 'घरकुल' म्हणतात, ती २०१६ मध्ये सुरू झाली. त्याआधी इंदिरा आवास योजना होती. नव्या योजनेत घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट ठरलं. सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये अनुदान ठरलं. त्यात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४० टक्के.

हा १ लाख २० हजारांचा आकडा २०१६ पासून बदललेला नाही. सिमेंट, सळई, खडी, गवंड्याची मजुरी, सगळं बदललं. आकडा तिथेच.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने देशात आणखी २ कोटी घरांना मान्यता दिली. २२ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यात केंद्रीय गृहमंत्री अमित शाह यांच्या उपस्थितीत महाराष्ट्रातल्या २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रं देण्याचा कार्यक्रम झाला. त्यानंतर राज्य सरकारने स्वतःचे ५० हजार रुपये वाढवून दिले. त्यातले ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार छतावर सौर पॅनेल बसवण्यासाठी.

आता बेरीज करू.

- मूळ अनुदान: १,२०,०००
- राज्याची बांधकामासाठीची वाढ: ३५,०००
- रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी (२०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने): २८,०८०
- शौचालयासाठी: १२,०००

एकूण १ लाख ९५ हजार ८० रुपये. सौरचे १५ हजार धरले तर २ लाख १० हजार. सोबत राज्याच्या वाळू धोरणानुसार घरकुलासाठी ५ ब्रास वाळू मोफत.

सौरचे पैसे बाजूला ठेवून ही रक्कम २६९ चौरस फुटांवर विभागली की चौरस फुटामागे साधारण ७२५ रुपये येतात. यात पाया, भिंती, दारं-खिडक्या, छत, शौचालय, मजुरी सगळं आलं. गावातल्या कुठल्याही गवंड्याला विचारा, एवढ्यात स्लॅबचं घर पूर्ण होत नाही. मग लाभार्थी एकतर कर्ज काढतो, उचल घेतो, नाहीतर भिंतींवर पत्रा टाकून मोकळा होतो.

घर तापण्याची गोष्ट सुरू होते ती इथूनच.

घर आतून तापतं कसं?

उन्हाळ्यात माथ्यावरचा सूर्य भिंतींपेक्षा छतावर जास्त वेळ थेट पडतो. एकमजली छोट्या घरात उष्णतेचा मोठा वाटा वरूनच येतो. म्हणून खरा प्रश्न छताचा आहे.

पत्रा: पातळ असतो. ऊन पडलं की काही मिनिटांत तापतो आणि ती उष्णता थेट खाली फेकतो. नवा चकचकीत पत्रा बरंचसं ऊन परत फिरवतो हे खरं, पण एकदा तापला की आतली उष्णता आकाशाकडे सहज सोडत नाही. आणि गंजला, मळला की तो ऊनही जास्त शोषतो. एक चांगली गोष्ट म्हणजे सूर्य मावळला की पत्रा लवकर थंड होतो.

स्लॅब: याचं उलटं आहे. चार-पाच इंचांचं काँक्रीट दिवसभर ऊन पीत राहतं. दुपारी बारा वाजता स्लॅबचं घर पत्र्यापेक्षा बरं वाटतं. पण तीच साठलेली उष्णता संध्याकाळपासून खाली उतरायला लागते. बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत मात्र रात्री दहा-अकरापर्यंत छत तापलेलं. पंखा लावला तर तो वरची गरम हवाच खाली ढकलतो.

रात्रीची ही उष्णता जास्त धोक्याची. दिवसभर रानात किंवा कामावर तापलेलं शरीर रात्री निवतं. ते निवलंच नाही, झोपच झाली नाही, तर दुसऱ्या दिवशीचं ऊन जास्त बाधतं. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाया यांना सगळ्यात आधी. पूर्वी लोक अंगणात झोपायचे, आजही झोपतात. पण सगळ्यांच्या घराला अंगण राहिलेलं नाही, आणि घरातल्या पोरीबाळींना रस्त्याच्या कडेला झोपवायला कुणाचं मन होत नाही.

मग जुनी माळवदंच बरी होती का?

हा मुद्दा निघाला की गावातलं कुणीतरी म्हातारं माणूस म्हणतंच, "आमचं माळवद होतं तेव्हा पंखा लागत नव्हता."

ते खोटं नाही. माळवद किंवा धाब्याचं घर म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि वर फूट-दीड फूट माती. सगळ्यात वर पांढरी माती. दगड-मातीच्या रुंद भिंती. छतात वरून उजेड आणि हवा यायला झरोका, ज्याला काही भागात 'सानं' म्हणतात. जाड मातीतून दुपारची उष्णता खाली पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि तोवर तिचा जोर संपलेला असायचा. पांढऱ्या मातीमुळे ऊन परत फिरायचं. सान्यातून गरम हवा वर निघून जायची.

पण मराठवाड्यात माळवदाची आठवण नुसती गारव्याची नाही.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीनंतरची पहाट, वेळ चारच्या आसपास. किल्लारीचा भूकंप. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळपास ८ हजार माणसं गेली. त्यातली बरीचशी झोपेत, स्वतःच्याच घराखाली. दगड-मातीच्या भिंतींना एकमेकींत धरून ठेवणारं काही नव्हतं आणि डोक्यावर टनावारी माती होती. भिंती फाकल्या आणि छत खाली आलं.

त्या पहाटेनंतर शेजारच्या बीडमध्येही माळवदाखाली झोपायची भीती बसली. ५२ गावांचं पूर्ण पुनर्वसन झालं, ते काँक्रीटच्या घरांमध्ये. सिमेंट म्हणजे सुरक्षित, पत्रा म्हणजे हलका, माती म्हणजे मरण, हे समीकरण पक्कं झालं. शिवाय माळवदाला दरवर्षी माती टाकावी लागते, लाकूड परवडत नाही, पावसात गळतं ते वेगळंच.

म्हणून 'परत मातीच्या घराकडे चला' हे शहरातून सांगणं सोपं आहे. ज्यांनी १९९३ पाहिलंय त्यांना ते पटणार नाही, आणि त्यांचं चूकही नाही. माळवदाचं वजन नकोय. त्याच्या तीन युक्त्या मात्र घेता येतात: वरून पांढरं, मध्ये उष्णता अडवणारा थर, आणि गरम हवेला वर जायला वाट.

बीडचं वेगळं काय आहे?

उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जाणं मराठवाड्याला नवीन नाही. पण बीडच्या घरांना दोन गोष्टी जास्त अडचणीच्या आहेत.

पहिली म्हणजे ऊसतोड. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. तिथे फडाजवळ कोपी करून राहतात. पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. आता कॅलेंडर नीट बघा. थंडीचे सगळे महिने हे लोक कोपीत काढतात आणि स्वतःच्या घरात राहायला येतात ते नेमके एप्रिल, मे, जूनमध्ये. म्हणजे त्यांच्यासाठी हे घर मुख्यतः उन्हाळ्यातच वापरायचं घर आहे. त्याची परीक्षाच उन्हाळ्यात होते.

दुसरी गोष्ट पाणी. घरकुल मंजूर झाल्यापासून १२ महिन्यांत पूर्ण करायचं असतं. पैसे हप्त्याने येतात, प्रत्येक टप्प्याचा जिओ टॅग केलेला फोटो लागतो. कुटुंब ऑक्टोबर ते मार्च गावात नाही. पावसाळ्यात शेतीची कामं. मग बांधकाम निघतं ते एप्रिल-मेमध्ये, जेव्हा निम्म्या गावांत टँकरची वाट बघावी लागते. स्लॅबला किमान सात दिवस, आणि कडक उन्हात दहा-चौदा दिवस पाणी मारावं लागतं. प्यायलाच पाणी विकत घ्यावं लागत असेल तर स्लॅबला कोण पाजणार? पाणी कमी पडलं की स्लॅबला बारीक भेगा पडतात, पुढे गळती, मग सळईला गंज.

म्हणजे कडक उन्हात, कमी पाण्यात ओतलेला स्लॅब आधी कमजोर होतो आणि नंतर आयुष्यभर तापत राहतो.

नियम आहेत, पण घरकुलासाठी नाहीत

घर कमी तापावं यासाठी देशात नियमच नाहीत असं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने 'इको निवास संहिता' आणली. भिंती आणि खिडक्यांतून किती उष्णता आत यावी, छतातून किती यावी, हवा खेळती राहायला उघडणाऱ्या खिडक्या किती असाव्यात, हे सगळं त्यात आकड्यांत मांडलंय.

पण ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी आहे. म्हणजे शहरातली सोसायटी. २५ चौरस मीटरचं घरकुल त्यात कुठेच बसत नाही.

गंमत बघा. ज्याच्याकडे एसी लावायची ऐपत आहे त्याचं घर किती तापावं याचं माप आहे. ज्याच्याकडे एक पंखा आहे, त्याच्या घराला माप फक्त २६९ चौरस फुटांचं.

ग्रामीण विकास मंत्रालयाने मध्यंतरी यूएनडीपी आणि आयआयटी दिल्लीच्या मदतीने 'पहल' नावाचा संग्रह काढला होता. त्यात वेगवेगळ्या राज्यांचं हवामान आणि स्थानिक साहित्य बघून घरांचे नमुने दिलेत. घरकुल योजनेत लाभार्थ्याला नमुना निवडायचं स्वातंत्र्यही आहे, ठेकेदार लावायला मनाई आहे. कागदावर सगळं चांगलं आहे. पण गावात गवंडी जे बांधतो आणि शेजाऱ्याने जे बांधलंय, तोच नमुना.

सौर पॅनेल दिले की काम झालं?

राज्याचे ते १५ हजार आठवतात? विचार असा की छतावर सौर पॅनेल आले की वीजबिल कमी होईल. पीएम सूर्यघर योजनेतून १ किलोवॅटला केंद्राचे ३० हजार मिळतात, त्यात ही भर. पॅनेलमुळे छताच्या थोड्या भागावर सावलीही पडते. चांगलीच गोष्ट आहे.

पण वीज स्वस्त होणं आणि घर थंड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुकटच्या विजेवरचा पंखाही तापलेल्या छताखाली गरम हवाच देतो. आणि पत्र्याच्या जुन्या घरावर पॅनेल बसवायला आधी सांगाडा मजबूत लागतो.

ऊर्जा वाचवायची सुरुवात त्याआधी होते. साधा पंखा ७५ वॅट खातो. दिवसाला १५ तास चालला तर महिन्याला सुमारे ३४ युनिट. बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास खातो, तेवढ्याच वापरात १३-१४ युनिट. घर दोन-तीन अंशांनी कमी तापलं तर पंख्याचा उपयोग होतो, कूलरची गरज टळते. आधी घराला उष्णतेपासून वाचवा, मग वीज कमी खाणारी वस्तू घ्या, मग सौर. आपण शेवटच्या पायरीला पैसे देतोय आणि पहिल्या पायरीला शून्य.

कमी पैशांत काय होऊ शकतं?

१. छत पांढरं करणं. पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग लावला की छत ऊन शोषण्याऐवजी परत फिरवतं. घराच्या आत साधारण दोन ते पाच अंशांचा फरक पडतो असं अनेक ठिकाणच्या अनुभवातून दिसलंय. समजा चांगल्या प्रतीच्या रंगाला मजुरीसह चौरस फुटाला २५ रुपये धरले, तर २६९ चौरस फुटांना पावणेसात हजारांच्या आत काम होतं. चुना त्याहून कितीतरी स्वस्त, पण तो दरवर्षी उन्हाळ्याआधी परत लावावा लागतो, आणि धूळ बसली की परिणाम कमी होतो.

२. समोरासमोर खिडक्या. हवा आत आली तर ती बाहेर जायलाही वाट हवी. एकाच भिंतीला खिडकी असेल तर वारा खेळत नाही. छताजवळ जाळीचे झरोके ठेवले तर गरम हवा वरून निघून जाते. हे बांधतानाच केलं तर खर्च जवळपास वाढत नाही, नंतर भिंत फोडून करायचं म्हटलं तर वाढतो.

३. पश्चिमेची भिंत. दुपारनंतरचं ऊन तिच्यावरच येतं. तिथे मोठी खिडकी नको. पडवी, वेल, लिंबाचं किंवा शेवग्याचं झाड, काहीही चालेल. पण सावली हवी.

४. विटांची रचना. केरळमध्ये वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी लोकप्रिय केलेली 'रॅट ट्रॅप बाँड' ही पद्धत आहे. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवतात. विटा साधारण २५ टक्के कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. पण त्यासाठी गवंडी शिकलेला हवा.

५. पत्र्याखाली दुसरा थर. बांबूचे तट्टे किंवा साधं छत लावून मध्ये हवेची जागा सोडली तर पत्र्याची आग थेट डोक्यावर येत नाही. वर कडबा टाकायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, पण त्यात पेट घेण्याचा धोका आहे, चुलीजवळ तर नकोच.

परळीची राख

साहित्याचा विषय निघाला की बीडमध्ये परळी येतेच. इथल्या औष्णिक वीज केंद्रातून निघणारी राख हा जिल्ह्याचा जुना विषय आहे. उघड्या वाहनांतून होणारी वाहतूक, घराघरांत बसणारी धूळ, या तक्रारी आजच्या नाहीत. केंद्राच्या २०२१ च्या अधिसूचनेनुसार वीज केंद्रांनी राखेचा पूर्ण वापर करणं बंधनकारक आहे, आणि विटा हा त्यातला एक मोठा मार्ग आहे.

राखेची वीट भट्टीत भाजावी लागत नाही. त्यामुळे शेतातली सुपीक माती वाचते आणि भट्टीचा कोळसाही. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. राखेची साधी वीट घर फार थंड ठेवते असं नाही. ऊन अडवण्यात सच्छिद्र, हलके एएसी ब्लॉक तिच्यापेक्षा बरेच सरस, आणि त्यातही ही राख वापरता येते. राखेचा त्रास ज्या जिल्ह्याने सोसला, त्याच जिल्ह्याच्या घरकुलांना तिचा फायदा माफक दरात मिळायला काय हरकत आहे?

दुसऱ्यांनी काय केलं?

मे २०१० मध्ये अहमदाबादमध्ये उष्णतेची लाट आली. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३०० हून जास्त मृत्यू झाले. २०१३ मध्ये शहराने उष्णतेशी लढायचा आराखडा बनवला आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचं काम त्याला जोडलं. तिथे महिला हाउसिंग ट्रस्टसारख्या संस्थांनी बायांनाच पुढे केलं, कारण दिवसभर त्या छताखाली त्याच असतात.

एप्रिल २०२३ मध्ये मराठवाड्याच्या शेजारच्या तेलंगणाने तर राज्याचं 'कूल रूफ धोरण' जाहीर केलं. २०२८ पर्यंतचं लक्ष्य ठरवलं आणि सरकारी गृहयोजनांच्या घरांनाही अशी छतं बंधनकारक केली. मुद्दा साधा आहे: घर सरकारच्या पैशाने होत असेल तर ते कमी तापेल हे बघणंही सरकारचंच काम.

मग अडलंय कुठे?

अडलंय मोजमापात. घरकुल 'पूर्ण' कधी होतं? चार भिंती, छत, दार, शौचालय आणि फोटो. आतलं तापमान कुठल्याच रकान्यात नाही. जे मोजलं जात नाही त्याला पैसेही मिळत नाहीत.

यावर एक सोपा आक्षेप येतो: गरिबाला आधी डोक्यावर छप्पर द्या, थंडाव्याचे लाड नंतर. पण हिशोब वर केलाच आहे. जवळपास २ लाखांच्या घरात पाच-सात हजारांचा हा विषय आहे. आणि याची अट लाभार्थ्यावर घालायची गरज नाही. आधीच हप्त्यांसाठी फोटो काढून तो दमलेला आहे.

सरकार घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत देऊ शकतं, तर छतासाठी चुना किंवा पांढरा रंगही देऊ शकतं. योजनेत ग्रामीण गवंड्यांचं प्रशिक्षण आधीपासून आहे, त्यात झरोके, समोरासमोर खिडक्या आणि पोकळ भिंत हे धडे घालता येतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना १२ महिन्यांची मुदत त्यांच्या हंगामाप्रमाणे देता येते, म्हणजे स्लॅब पावसाळ्यानंतर, विहिरीला पाणी असताना पडेल.

आणि तुमच्या घरचं किंवा नात्यातलं घरकुल आता मंजूर झालं असेल, तर हप्ता यायची वाट बघताना गवंड्याला तीन प्रश्न नक्की विचारा. खिडक्या समोरासमोर आहेत का? वर झरोका ठेवलाय का? छत पांढरं करायचे पैसे बाजूला काढलेत का? घर एकदाच बांधलं जातं, ऊन दरवर्षी येतं.

२० लाख घरं म्हणजे २० लाख छतं. ती पुढची ३० वर्षं एकतर तापतील किंवा ऊन परत पाठवतील. ते ठरतंय आत्ता, या एक-दोन वर्षांत. पक्कं घर मिळाल्यावरही जर माणूस दुपारी लिंबाखालीच बसणार असेल, तर ते घर अजून पूर्ण झालेलं नाही, फोटोत ते कितीही पूर्ण दिसलं तरी.